दानिलोचा संग्रह: सर्बियाच्या मध्ययुगीन राजचरित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्कनचा इतिहास वाचायला घेतला की ‘दानिलोने लिहून ठेवलंय’, ‘दानिलोचा शिष्य सांगतो’ असे उल्लेख पानोपानी येतात. मराठीत या ग्रंथाबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पान. राजांच्या गोष्टी यात आहेतच. पण ज्यांनी या गोष्टी हाताने पुन्हा पुन्हा उतरवून आपल्यापर्यंत आणल्या, त्या मठांतल्या साधूंकडे वाचकाचं लक्ष जावं, असं मला मनापासून वाटतं.

हा ग्रंथ नेमका आहे तरी काय?

‘सर्बियन राजांची आणि आर्चबिशपांची चरित्रं’ या नावाने तो ओळखला जातो. अभ्यासक त्याला थोडक्यात ‘दानिलोचा संग्रह’ म्हणतात. तेराव्या-चौदाव्या शतकात सर्बियावर नेमान्यिच घराण्याचं राज्य होतं. त्या घराण्यातले राजे आणि त्याच काळातले तिथल्या चर्चचे प्रमुख, दोघांचीही चरित्रं या संग्रहात आहेत. राजा उरोश पहिला याच्याबद्दल थोडक्यात, आणि त्याची राणी येलेना, मुलगे द्रागुतिन आणि मिलुतिन यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. आर्सेनिये, येव्स्तातिये, योआनिकिये या आर्चबिशपांची चरित्रंही आहेत. पुढे इतरांनी भर घातली, त्यात मिलुतिनचा मुलगा स्तेफान देचान्स्की, त्याचा मुलगा दुशान याच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा काळ आणि खुद्द दानिलो यांची चरित्रं आली.

सनावळी म्हणून तो हातात घेतलात तर निराशा होईल. तारखा थोड्या, प्रार्थना आणि स्तुती भरपूर. पण राजा घोड्यावरून कुठे पडला, कोणी कोणाला गादी दिली, कोणत्या मठाचं बांधकाम कोणाच्या देखरेखीखाली झालं, हे सांगणारा लेखक त्या दरबारात वावरलेला होता.

दानिलो कोण होता?

दानिलो दुसरा. सन १३२४ पासून १९ डिसेंबर १३३७ ला मृत्यू येईपर्यंत तो सर्बियन चर्चचा आर्चबिशप होता. पण त्याआधीचं त्याचं आयुष्य जास्त थरारक आहे.

ग्रीसमधल्या अथोस पर्वतावर हिलांदार हा सर्बियन मठ आहे. स्तेफान नेमान्या आणि त्याचा मुलगा सावा यांनी ११९८ मध्ये तो उभारला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दानिलो तिथला मठाधिपती होता. बायझंटाइन सम्राटाने भाड्याने आणलेलं कॅटलन सैन्य त्याच्याच विरोधात उलटलं आणि १३०७ ते १३०९ या काळात त्याने अथोसवरचे मठ लुटायला सुरुवात केली. हिलांदारला वेढा पडला, आत उपासमार सुरू झाली. दानिलो मठातल्या मौल्यवान वस्तू घेऊन राजा मिलुतिनकडे स्कोप्येला गेला, त्या सुरक्षित ठेवल्या आणि पुन्हा त्या वेढ्यात परत आला. हे त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून कळतं. शिष्य गुरूचं कौतुक करणारच, तेवढी सूट धरून वाचा. पण मठ वाचला, हे तर खरंच.

पुढे तो बान्स्काचा आणि हुमचा बिशप झाला. मिलुतिन आणि द्रागुतिन या भावांमध्ये लढाई जुंपली तेव्हा दानिलो मिलुतिनच्या बाजूने उभा राहिला. बान्स्का इथल्या मिलुतिनच्या समाधिमंदिराच्या आणि नंतर देचानीच्या भव्य मठाच्या बांधकामावर त्याची देखरेख होती. पेच इथे त्याने स्वतः देवमातेचं चर्च बांधलं आणि तिथेच त्याला पुरलं.

म्हणजे सगळा ग्रंथ त्याने एकट्याने लिहिला?

नाही. दानिलोने सुरुवात केली, त्याच्या शिष्याने पुढे नेलं, आणि आणखी काही हातांनी पुढच्या पेट्रिआर्कांबद्दल (आर्चबिशपाहून वरच्या पदवीचे चर्चप्रमुख) छोट्या नोंदी जोडल्या. या शिष्याचं नाव आपल्याला माहीत नाही. सगळे अभ्यासक त्याला ‘दानिलोचा शिष्य’ असंच म्हणतात, आणि सर्बियन साहित्याच्या इतिहासात तो याच नावाने एक महत्त्वाचा लेखक म्हणून शिकवला जातो.

मूळ प्रत कुठे ठेवली आहे?

दानिलोच्या हातची मूळ प्रत उरलेली नाही. पूर्ण संग्रहाच्या आज हाती असलेल्या प्रती सोळाव्या शतकापासून पुढच्या आहेत. म्हणजे लेखकाचा मृत्यू आणि आपल्या हातातली प्रत यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आहे.

हे ऐकून काही वाचक हिरमुसतात. हिरमुसू नका. मध्ययुगातल्या बहुतेक मोठ्या ग्रंथांची हीच कथा आहे. पान झिजतं, वाळवी लागते, मठ जळतो, पण कोणीतरी त्याआधी नक्कल करून ठेवलेली असते. या ग्रंथाचं टिकणं एका पेटीवर कधीच अवलंबून नव्हतं. वेगवेगळ्या मठांत त्याच्या प्रती होत्या, म्हणून तो टिकला.

मधल्या काळात तर तुर्कांचं राज्य आलं. मग नकला करत कोण होतं?

हा या पानावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे.

स्मेदेरेव्होचा किल्ला १४५९ मध्ये पडला आणि सर्बियाचं मध्ययुगीन राज्य संपलं. राजा गेला, दरबार गेला, मठांना जमिनी देणारे सरदार गेले. हस्तलिखिताचा खर्च करणारं कोणी उरलं नाही. तरीही साधूंनी नकला करणं थांबवलं नाही. राज्य उरलं नव्हतं तेव्हा ‘आमचंही राज्य होतं’ हे सांगणारी जागा हीच पानं होती. मठात जेवणाच्या वेळी संतांची चरित्रं मोठ्याने वाचायची प्रथा आहे, आणि नेमान्यिच घराण्यातले बरेच राजे सर्बियन चर्चने संत मानले. त्यामुळे राजाचं चरित्र हे मठाच्या रोजच्या वापरातलं पुस्तक झालं. जे पुस्तक वापरात असतं ते झिजतं, आणि झिजलं की नवी नक्कल करावीच लागते.

पुढे १५५७ मध्ये पेचचं पेट्रिआर्कपद पुन्हा सुरू झालं. ऑटोमन दरबारातला मोठा अधिकारी सोकोल्लू मेहमेद पाशा जन्माने बोस्नियातल्या सर्बियन कुटुंबातला होता, त्याचा यात हात होता. पहिला पेट्रिआर्क माकारिये सोकोलोविच हा त्याच्याच नात्यातला. या घटनेनंतर मठांत पुन्हा जीव आला, चर्चची डागडुजी झाली, भित्तिचित्रं रंगली आणि लेखणीचं कामही वाढलं. सतराव्या शतकात पेट्रिआर्क पाय्सियेने (१६१४ ते १६४७) जुनी हस्तलिखितं शोधून, वाचून त्यांवर स्वतःच्या हाताने टिपणं केली. त्याने दुशानचा मुलगा सम्राट उरोश याचं चरित्रही लिहिलं, म्हणजे दानिलोने सुरू केलेली परंपरा तीनशे वर्षांनी पुन्हा हातात घेतली.

मग आलं १६९०. ऑस्ट्रिया आणि तुर्क यांच्या युद्धात पारडं फिरलं आणि पेट्रिआर्क आर्सेनिये तिसऱ्याच्या मागोमाग हजारो सर्बियन कुटुंबं डॅन्यूब ओलांडून उत्तरेला गेली. साधूंनी बरोबर संतांचे अवशेष घेतले, चांदीची भांडी घेतली आणि पुस्तकंही घेतली. फ्रुश्का गोराच्या डोंगरातले मठ आणि स्रेम्स्की कार्लोव्त्सी हे गाव यानंतर जुन्या ग्रंथांचं नवं घर झालं. तिकडे अथोसवरचं हिलांदार सुलतानाला कर भरत, पण आपला कारभार सांभाळत उभंच होतं. दक्षिणेला एक कोठार, उत्तरेला दुसरं. एकात काही घडलं तरी दुसऱ्यात प्रत उरत असे.

नक्कल करायची म्हणजे प्रत्यक्षात काय काय करायचं?

आधी लिहायला काय आहे ते बघायचं. तेराव्या-चौदाव्या शतकात उत्तम ग्रंथ चर्मपत्रावर लिहिले जात. एका जाड ग्रंथाला कितीतरी जनावरांची कातडी लागायची. नंतर कागद आला, तो बहुतेक इटलीतून. कागद उजेडात धरला की आत कारखान्याचं चिन्ह दिसतं. कुठे जहाजाचा नांगर, कुठे मुकुट, कुठे बैलाचं डोकं. आज तारीख नसलेलं हस्तलिखित कोणत्या काळातलं, हे ठरवायला हीच चिन्हं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

मग पानं दुमडून जुड्या करायच्या. साधारण आठ पानांची एक जुडी. प्रत्येक जुडीवर अनुक्रमांक, म्हणजे बांधताना घोळ होत नाही. बोथट टोकाने रेषा आखायच्या. ओक झाडाच्या गाठी, हिराकस आणि डिंक यांपासून शाई करायची. ती लिहिताना काळी दिसते, काही शतकांनी तपकिरी पडते, आणि हिराकस जास्त झाला असेल तर कागद खाऊन टाकते. मथळे आणि पहिली अक्षरं लाल रंगात. हंसाच्या पिसाची लेखणी, तिचं टोक पुन्हा पुन्हा तासावं लागे. शेवटी लाकडी पाट्यांमध्ये बांधणी आणि वर चामडं.

एक पान जवळून पाहिलं तर आणखी बरंच दिसतं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘देव’, ‘प्रभू’ असे पवित्र शब्द आखडून लिहून वर एक लहानशी आडवी खूण केलेली असते. समासात मेणाचे डाग असतात. खालच्या कोपऱ्यात, जिथे बोटाने पान उलटतात, तिथे कागद काळवंडून मऊ पडलेला असतो. अभ्यासक या काळवंडलेल्या कोपऱ्यांवरून ओळखतात की पुस्तकाचा कोणता भाग जास्त वाचला गेला.

नकलकारांची नावं कळतात का?

बऱ्याचदा कळतात, कारण ग्रंथ संपवल्यावर नकलकार शेवटी दोन-चार ओळी स्वतःच्या लिहायचा. या ओळींचा साचा ठरलेला असे. मी पापी, मी अडाणी, हे पवित्र आत्म्याने किंवा देवदूताने लिहिलेलं नाही, मातीच्या पापी हाताने लिहिलंय, चुकलं असेल तर शाप देऊ नका, दुरुस्त करा आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ असं असतं. जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. फरक असा की आपला पोथीकार दोष मूळ प्रतीकडे सरकवतो, सर्बियन साधू तो स्वतःच्या माथी घेतो.

बाराव्या शतकातल्या प्रसिद्ध ‘मिरोस्लाव्हच्या शुभवर्तमाना’त ग्लिगोरिये या लेखनिकाने आपलं नाव नोंदवून ठेवलंय. आठशेहून जास्त वर्षांनी आपण ते वाचतो आहोत.

पण साच्यातून बाहेर पडणाऱ्या नोंदी मनात घर करतात. अथोसवरच्या इसाया नावाच्या साधूने एका ग्रीक धर्मग्रंथाचं भाषांतर करायला घेतलं होतं. काम चालू असताना २६ सप्टेंबर १३७१ ला मारित्सा नदीकाठी सर्बियन सैन्याचा तुर्कांनी धुव्वा उडवला. भाषांतर संपवून त्याने शेवटी लिहिलं, त्याचा आशय असा: हे पुस्तक मी चांगल्या दिवसांत सुरू केलं आणि सगळ्या वाईट दिवसांतल्या सर्वांत वाईट दिवसांत संपवलं, त्या वेळी जिवंत माणसं आधीच मेलेल्यांना भाग्यवान म्हणत होती. मारित्साच्या लढाईनंतर लोकांवर काय गुदरलं, याचा यापेक्षा जिवंत पुरावा दुसरा नाही. आणि तो राजचरित्रात सापडत नाही, एका भाषांतराच्या शेवटच्या पानावर सापडतो.

ल्युबोमिर स्तोयानोविच या विद्वानाने अशा नोंदी आणि शिलालेख गोळा करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. १९०२ ते १९२६ या काळात त्यांचे सहा खंड निघाले. थंडी, भूक, लुटालूट, धूमकेतू, भूकंप, पेट्रिआर्कची भेट, सगळं त्यात आहे. सामान्य माणसाचा इतिहास हवा असेल तर तिकडे वळा.

नकला करताना चुका होत नव्हत्या?

होत होत्या, आणि त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो. समासातलं टिपण पुढचा नकलकार मूळ मजकुरात घालतो. जुनं रूप कळलं नाही की तो ओळखीचं रूप लिहितो.

सगळ्यात घातक चुका आकड्यांत होतात, कारण आकडे अक्षरांनी लिहिले जात. आठसाठी एक अक्षर, पन्नाससाठी दुसरं. ही दोन्ही अक्षरं जुन्या वळणात जवळजवळ सारखी दिसतात. दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारी मधली रेघ. ती आडवी असेल तर आठ, तिरपी असेल तर पन्नास. मेणबत्तीच्या उजेडात थकलेल्या डोळ्यांना काय दिसणार? म्हणून एकाच घटनेचं साल दोन प्रतींत वेगळं मिळालं तर लगेच कोणाला खोटं ठरवू नये, आधी अक्षरं तपासावीत.

मात्र या चुकांचा एक मोठा उपयोग आहे. दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर त्या एकाच पूर्वज-प्रतीवरून उतरल्या असं मानायला आधार मिळतो. अशा चुका जुळवत जुळवत प्रतींची वंशावळ मांडली जाते आणि हरवलेल्या मूळ मजकुराच्या जवळ जाता येतं.

त्यातली सालं आपल्या सनात कशी बदलायची?

जगाच्या निर्मितीपासून मोजलेली बायझंटाइन वर्षं तिथे असतात. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. घटना जानेवारी ते ऑगस्टमधली असेल तर ५५०८ वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरमधली असेल तर ५५०९. कोसोव्होची लढाई ६८९७ सालच्या १५ जूनची, म्हणजे १३८९. मारित्साची लढाई ६८८० सालच्या सप्टेंबरातली, म्हणजे १३७१.

दानिलोवर इतिहास म्हणून कितपत विश्वास ठेवायचा?

बखरी वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. तपशील घ्या, निवाडा तपासून घ्या.

द्रागुतिनचं उदाहरण बघू. त्याने १२७६ मध्ये स्वतःच्या बापाला, उरोशला, गादीवरून खाली खेचलं. सहा वर्षांनी येलेच किल्ल्याखाली तो घोड्यावरून पडला, पाय मोडला, आणि १२८२ मध्ये देझेव्हो इथे त्याने धाकट्या भावाला, मिलुतिनला, गादी दिली. दानिलो या पडण्यात देवाचा न्याय बघतो. बापाशी केलेल्या पापाची शिक्षा. मग तो द्रागुतिनच्या प्रायश्चित्ताचं वर्णन करतो, आणि ते विसरता येत नाही: राजवस्त्रांखाली अंगाला टोचणारं जाडंभरडं कापड, आणि झोपायला थडग्यासारखी जागा, तिच्यात काटे आणि धारदार दगड पसरलेले. वर्णन मनाला भिडतं. पण हे लिहिणारा मिलुतिनचा माणूस होता, आणि द्रागुतिनने गादी कायमची सोडली होती की आपल्या मुलाला ती परत मिळावी या अटीवर, यावरूनच पुढे दोघा भावांमध्ये युद्ध झालं. काट्यांच्या बिछान्यावर झोपणारा राजा गादी मागायला येत नाही. दानिलोच्या चित्रणाचा हा राजकीय फायदा नजरेआड करू नका.

मिलुतिनच्या बाबतीत दानिलो आणखी सांभाळून लिहितो. मिलुतिनने १२९९ मध्ये बायझंटाइन सम्राटाची मुलगी सिमोनिस हिच्याशी लग्न केलं. ती तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. हा तपशील बायझंटाइन इतिहासकारांकडून कळतो. मिलुतिनने किती चर्च बांधली, किती दान केलं, हे मात्र दानिलोकडे भरभरून आहे.

आणि स्तेफान देचान्स्कीचं प्रकरण तर प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावं असं. मिलुतिनने १३१४ मध्ये बंड केल्याबद्दल या आपल्या मुलाचे डोळे काढण्याची शिक्षा दिली आणि त्याला कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं. बाप वारल्यावर त्याने जाहीर केलं की संत निकोलसच्या कृपेने मला दिसतंय, आणि ६ जानेवारी १३२२ ला तो राजा झाला. १३३० मध्ये व्हेल्बुझ्दला त्याने बल्गेरियन सैन्याचा पराभव केला. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाने, दुशानने, त्याला पदच्युत केलं आणि झ्वेचानच्या किल्ल्यात तो मेला.

दानिलोचा शिष्य हे दुशानच्या राज्यात बसून लिहितो. त्याच्या लेखी चूक बापाची, मुलगा नाइलाजाने उठला, आणि मृत्यू कसा झाला यावर तो फार रेंगाळत नाही. पुढे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला देचानी मठाचा प्रमुख असलेल्या ग्रेगोरी त्साम्ब्लाकने याच राजाचं चरित्र पुन्हा लिहिलं. तोवर दुशानचं घराणं संपलेलं होतं, भीड बाळगण्याचं कारण नव्हतं. त्याच्या चरित्रात देचान्स्की हुतात्मा आहे, आणि मुलाच्या हुकमाने गळा दाबून मारला गेला आहे. दोन्ही लेखक साधू, दोघेही श्रद्धाळू, दोन्ही चरित्रं मठांतच जपली गेली. मला या परंपरेत सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन कथा, आणि साधूंनी दोन्ही उतरवून ठेवल्या.

यात स्त्रिया येतात का?

एक येते, आणि ठसठशीतपणे येते. राणी येलेना, उरोशची बायको, द्रागुतिन आणि मिलुतिनची आई. ती पश्चिम युरोपातल्या कॅथलिक घराण्यातून आलेली. दानिलो सांगतो की तिने गरीब आईबापांच्या मुलींना आपल्याकडे आणून त्यांना वाचन आणि हस्तकाम शिकवलं आणि मोठ्या झाल्यावर आहेर देऊन त्यांची लग्नं लावली. तेराव्या शतकातली ही मुलींची शाळा. हे वाक्य दानिलोने लिहिलं नसतं, किंवा मधल्या एखाद्या नकलकाराने कंटाळून गाळलं असतं, तर आज आपल्याला या शाळेबद्दल काहीच कळलं नसतं. तिने ग्रादात्स हा मठ बांधला, तिचं दफनही तिथलंच.

रोदोस्लोव आणि लेतोपिस हे शब्द वाचले. तेही हेच का?

रोदोस्लोव म्हणजे राजवंशावळी. सगळ्यात जुनी १३७० च्या दशकातली. नेमान्यिच घराणं संपलं होतं आणि बोस्नियाच्या त्व्र्त्कोला आपण त्यांचे वारस आहोत हे दाखवायचं होतं, तेव्हाची. लेतोपिस म्हणजे सालवार नोंदी. अमुक साली अमुक झालं, बस. त्यांतलं एक १४५३ मध्ये दामियान नावाच्या लेखनिकाने लिहिलं, ते कोपोरिनचं लेतोपिस म्हणून प्रसिद्ध आहे. ही दोन्ही प्रकारची पानं स्तोयानोविचने १९२७ मध्ये एकत्र छापली.

छापखाना आल्यावर हे छापलं का नाही?

सेटिन्येला १४९४ मध्ये माकारिये या साधूने दक्षिण स्लाव्ह प्रदेशातलं पहिलं सिरिलिक पुस्तक छापलं. पण ते उपासनेचं होतं, आणि त्या काळी छापखान्यातून बहुतेक तशीच पुस्तकं निघाली, कारण प्रत्येक चर्चला ती लागत. राजचरित्रांना तेवढं गिऱ्हाईक नव्हतं. दानिलोचा संग्रह छापायला १८६६ उजाडलं. जुरा दानिचिचने तो झाग्रेबमध्ये प्रसिद्ध केला. हा तोच दानिचिच जो आयुष्यभर बोलीभाषेत लिहिण्यासाठी भांडला. जुन्या चर्चभाषेचा सगळ्यात महत्त्वाचा ग्रंथ त्याच्याच हातून छापून निघाला.

भाषा आजच्या सर्बियन माणसाला कळते का?

अडखळत. ती चर्चची स्लाव्ह भाषा आहे, सर्बियन वळणाची. लाझार मिर्कोविचचं आधुनिक सर्बियन भाषांतर १९३५ मध्ये आलं, आणि बहुतेक वाचक याच्यावरच अवलंबून असतात. राजांच्या चरित्रांचं जर्मन भाषांतर स्तानिस्लाउस हाफ्नरने १९७६ मध्ये केलं.

‘रेसावा शाळा’ म्हणजे टोमणा आहे का?

आजच्या सर्बियात परीक्षेत कॉपी करणाऱ्याला किंवा दुसऱ्याचं लिखाण चोरणाऱ्याला ‘रेसावाच्या शाळेचा’ म्हणतात. खऱ्या रेसावावर हा अन्याय आहे. दुसरं नाव मनासिया. सर्बियाचा शासक, डेस्पॉट ही पदवी असलेल्या स्तेफान लाझारेविचने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हा तटबंदीचा मठ बांधला. तिथे विद्वान जमले, जुन्या भाषांतरांची तपासणी झाली, आणि त्या मठाच्या नावाने ओळखली जाणारी लेखनपद्धती सर्बियाबाहेरही पोचली. कॉन्स्टंटाइन फिलॉसॉफर या त्याच काळातल्या दरबारी विद्वानाने शुद्धलेखनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बेशिस्त नकलांनी ग्रंथ बिघडतात, हे त्याला कळत होतं आणि तो त्यासाठी तळमळत होता. नक्कल करणं हे तिथे जबाबदारीचं काम होतं.

दुसऱ्या महायुद्धात किती नुकसान झालं?

जर्मनांनी ६ एप्रिल १९४१ ला बेलग्रेडवर बॉम्ब टाकले. कोसान्चिचेव वेनात्स भागातली राष्ट्रीय लायब्ररी पेटली. लाखो पुस्तकं गेली, आणि हजाराहून जास्त जुनी सिरिलिक हस्तलिखितं आणि सनदा गेल्या. राखेतून काही काढता आलं नाही. काय होतं ते कळतं ते मुख्यतः स्तोयानोविचने १९०३ मध्ये छापलेल्या सूचीवरून. त्याने छापून ठेवलेल्या मजकुरांपैकी काहींची मूळ पानं आता नाहीत, छापील ओळ तेवढी उरली. म्हणजे विसाव्या शतकातही साधूंचंच तत्त्व कामी आलं: दुसरीकडे एक प्रत ठेवा.

नंतर १९६१ मध्ये लायब्ररीत हस्तलिखितांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हिलांदारच्या हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत. मार्च २००४ मध्ये हिलांदारला मोठी आग लागली, मठाचा निम्म्याहून जास्त भाग जळाला. ग्रंथालय वाचलं.

हे सगळं प्रत्यक्ष बघता येईल का?

हिलांदारला फक्त पुरुषांना जाता येतं, आधी परवाना काढावा लागतो, आणि ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना अथोसवर दिवसाला मोजकेच परवाने मिळतात. हस्तलिखितं पर्यटकांना हाताळायला देत नाहीत. तशी अपेक्षाही ठेवू नये.

पेच, देचानी आणि ग्राचानित्साला मात्र जरूर जा. तिन्ही कोसोव्होत आहेत आणि युनेस्कोच्या यादीत आहेत. पेचला दानिलोने बांधलेल्या चर्चमध्ये त्याचं स्वतःचं चित्र आहे. प्रेषित दानिएल त्याला देवमातेसमोर घेऊन जातोय. आणि तिन्ही ठिकाणी नेमान्यिच घराण्याचा वंशवृक्ष भिंतीवर रंगवलेला आहे. खाली नेमान्या, त्याच्यापासून फुटलेल्या वेलीवर एकेक राजा, राणी, राजपुत्र. ग्रंथ वाचून गेलात तर प्रत्येक चेहऱ्यामागची कथा तुम्हाला ठाऊक असेल. द्रागुतिन दिसला की त्याचा मोडका पाय आठवेल.

वाचायला सुरुवात कुठून करू?

पहिल्या पानापासून नको. आधी येलेनाचं चरित्र घ्या. त्यात दानिलो मोकळा लिहितो आणि दरबाराचं आतलं जग दिसतं. मग द्रागुतिन. त्यानंतर स्तेफान देचान्स्कीची दोन्ही चरित्रं, दानिलोच्या शिष्याचं आणि त्साम्ब्लाकचं, शेजारी ठेवून एकेक प्रसंग ताडून वाचा. मिलुतिनचं चरित्र शेवटी. ते लांबलचक आहे, पण तोवर तुम्हाला लेखकाची बाजू कळलेली असेल आणि तो कुठे घाईघाईने पुढे सरकतो ते आपोआप दिसेल. दानिचिचची १८६६ ची आवृत्ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली सापडते. लिपी येत नसली तरी दोन-चार पानं उघडून बघाच.